पातेल्याचा डेटा

पुणे-सोलापूर महामार्गाला दौंडहून बारामतीकडे जाणारा रस्ता जिथे छेदतो, तिथे आमचं कुरकुंभ. एका अंगाला फिरंगाई देवीचं देऊळ, दुसऱ्या अंगाला रासायनिक कारखान्यांची एमआयडीसी. त्यामुळे गावात दोन प्रकारचे जाणकार भरपूर. एकांना देवीचं सगळं कळतं; दुसऱ्यांना संध्याकाळी वास आला की वाऱ्याची दिशा बघून तो कुठल्या प्लॉटवरून सुटला ते कळतं. मी दुसऱ्यांपैकी. उभी नोकरी इन्स्ट्रुमेंट विभागात काढली. प्रेशर ट्रान्समीटर, लेव्हल स्विच, कंट्रोल व्हॉल्व्ह, त्यांच्या वायरी आणि वायरींच्या टोकांना घातलेल्या नंबरांच्या फेरूल, एवढं माझं राज्य. बिनफेरूलची वायर दिसली की मी हेल्परला पॅनलसमोर उभं करून सुनवायचो, "आज तुला आठवतंय कुठली कुठं जाते. उद्या आठवेल? आधी टॅग लाव, मग हात लाव." हे मी इतक्या वेळा म्हटलं, की निवृत्तीच्या दिवशी पोरांनी दिलेल्या नारळालाही दोऱ्याने टॅग बांधलेला होता.

हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं वाचून हा माणूस अडाणी होता, असा कुणाचा समज होऊ नये. मी प्रशिक्षित होतो.

झालं असं, की नवरात्र जवळ आलं आणि आमच्या गल्लीच्या मंडळाच्या मीटिंगमध्ये पातेल्याचा विषय निघाला. मंडळाकडे तांब्याचं एक थोरलं पातेलं आहे. शंभरेक माणसांची आमटी त्यात एका घाण्यात होते. यंदा महाप्रसादाच्या पत्रिकेत देणगीदारांची नावं छापायची ठरली, तेव्हा अण्णा म्हणाले, पातेलं आमच्या वडिलांनी दिलंय. बापू म्हणाले, तुमच्या वडिलांनी सतरंजी दिली होती, पातेलं आमच्या आईचं. सतरंजीचा उल्लेख अण्णांना लागला. मग दोन्ही घरांतली गेलेली माणसं एकेक करून मीटिंगला हजर झाली आणि आवाज चढले.

अशा वेळी गप्प बसणं मला नोकरीत कधी जमलं नव्हतं. मी म्हणालो, "भांडता कशाला? सत्त्याण्णव साली मंडळाच्या सगळ्या भांड्यांची यादी मी माझ्या कम्प्युटरवर केली होती. देणाऱ्याच्या नावासकट."

मीटिंग एकदम शांत झाली. खजिनदार तात्यांनी चष्मा वर केला. "अजून आहे का ती?"

"तात्या, कागद कुजतो. डेटा कुठं जातोय?"

घरी आल्यावर बायकोने विचारलं, "तो माळ्यावरचा कम्प्युटर? त्यात मागं उंदरीण व्याली होती ना?"

तो कम्प्युटर म्हणजे 486. पंचाण्णव साली पुण्याला बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीतून सुटे भाग घेऊन जोडून घेतलेला. 66 मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, 8 एमबी रॅम आणि 213 एमबीची हार्डडिस्क. आजच्या फोनने काढलेले पन्नासेक फोटो टाकले की ती डिस्क भरेल. पण तेव्हा तिच्यात विंडोज 3.1, पत्त्यांचा डाव, मराठी फॉन्ट आणि माझी सगळी महत्त्वाकांक्षा मावून वर जागा उरली होती. अठ्ठ्याण्णव साली मी तिच्या जोडीला 1.2 जीबीची दुसरी डिस्क बसवली आणि गल्लीत पेढे वाटायचे तेवढे राहिले.

दुसऱ्या दिवशी भाच्याला बोलावलं. तो अकरावी सायन्सला आहे आणि त्याला फोनमध्ये बघून सगळं येतं. त्याने माळ्यावरच्या पेटाऱ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "मामा, एवढं सगळं कशाला? नुसती डिस्क काढू. यूएसबीचा अडॅप्टर मिळतो, तो लावला की लॅपटॉपला दिसते."

मला हे आवडलं नाही. ज्या कामात स्क्रूड्रायव्हर लागत नाही ते काम मी काम मानत नाही. तरी अडॅप्टर आला. जोडला. डिस्क फिरेना.

इथे मात्र माझा अनुभव कामी आला. अशा डिस्क बंद झाल्या की त्यांचे हेड तबकडीवरच टेकतात. वर्षानुवर्षं तशाच पडून राहिल्या, तर हेड तबकडीवरच्या वंगणाला चिकटून बसतात आणि मोटरला ते सुटत नाहीत. मी डिस्क तळहातावर आडवी धरली, मनगटाला एक झटका दिला, परत जोडली. आतून शिट्टीचा बारीक सूर चढत गेला आणि डिस्क फिरू लागली. भाचा म्हणाला, "भारी, मामा." मी खांदे उडवले. आयुष्यात खांदे उडवायचे योग माझ्या वाट्याला फार आले नाहीत, म्हणून हा नोंदवून ठेवतो.

डिस्क फिरली, पण लॅपटॉपला दिसेना. कारण भाच्याने शोधून काढलं. आजच्या डिस्का सेक्टरांना शून्यापासून सरळ ओळीत नंबर देतात आणि यूएसबीचा अडॅप्टर बहुतेक वेळा त्याच नंबराने मागणी करतो. माझी डिस्क त्याच्या आधीच्या पिढीची. तिला कितव्या सिलिंडरवर, कितव्या हेडखाली, कितवा सेक्टर, असा तीन भागांतला पत्ता द्यावा लागतो. अडॅप्टर नुसता नंबर विचारत राहिला आणि डिस्क नुसती फिरत राहिली.

"आणि समज दिसली असती," मी म्हणालो, "तरी तुला वाचता आलं नसतं." हे खरं होतं. युनिकोडमध्ये देवनागरी 1991 सालीच आली होती, पण आमच्या विंडोज 3.1च्या कानावर ती बातमी गेली नव्हती. तेव्हाचे मराठी फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्या घरात देवनागरी आकार बसवायचे. फॉन्ट असला तर 'पातेलं' दिसणार, नसला तर रोमन अक्षरं, कंस आणि टिंबं यांची खिचडी. तो फॉन्ट फक्त त्या डिस्कवर होता. म्हणजे पातेल्याच्या मालकापर्यंत जायचं तर मूळ मशीनच उठवायला हवं होतं. भाच्याचा चेहरा पडला. मी स्क्रूड्रायव्हर घेऊन आलो.

कॅबिनेट उघडलं. उंदरीण गेली होती, पण घर तिने मोडलं नव्हतं. तो संसार बाहेर काढल्यावर मदरबोर्डच्या कोपऱ्यात निळ्या प्लास्टिकात गुंडाळलेली बॅटरी दिसली. मशीन बंद असताना तारीख आणि डिस्कची माहिती लक्षात ठेवायला ती असते. बॅटरी फुटून तिच्याभोवती हिरवट-पांढरा फुलोरा आला होता.

बॅटरी म्हणजे ॲसिड, हे समीकरण माझ्या डोक्यात ट्रॅक्टरच्या बॅटरीपासून पक्कं होतं. ॲसिडवर उपाय म्हणजे खायचा सोडा. मी स्वयंपाकघरातून डबा आणला आणि फुलोऱ्यावर चमचाभर सोडा पेरला. काहीच झालं नाही. आणखी पेरला. फेसाचा पत्ता नाही.

"मामा," भाचा फोनवरून नजर न काढता म्हणाला, "ही निकेल-कॅडमियमची आहे. हिच्यातून पोटॅशियम हायड्रॉक्साइड गळतं. अल्कली. तुम्ही अल्कलीवर अल्कली टाकताय."

रासायनिक वसाहतीत आयुष्य काढलेल्या माणसाला अकरावीतल्या मुलाने खायच्या सोड्यासमोर पकडावं, यापेक्षा चौकातल्या टपरीवर उधारी निघाली असती तर बरं. "ती लाइन केमिस्टची. आमची इन्स्ट्रुमेंटची," मी म्हणालो. बायकोने न बोलता व्हिनेगरची बाटली आणून ठेवली. नूडल्स करायला आणली होती. ब्रशने व्हिनेगर लावलं, तेव्हा कुठे बुडबुडे आले. मग स्पिरिटने पुसून घेतलं आणि ती बॅटरी कटरने कापून टाकली. तिच्याबरोबर मशीनची स्मरणशक्तीही कापली गेली, हे तेव्हा लक्षात आलं नाही.

आता वायरी.

मी कॅबिनेटमध्ये वाकून बराच वेळ बघत राहिलो. पॉवर सप्लायमधून बाहेर आलेले दोन एकसारखे कनेक्टर, एकेकात सहा वायरी. एक रुंद चपटी केबल, एक थोडी अरुंद चपटी केबल. लाल-पिवळ्या-काळ्या वायरींचे चार-चार पिनांचे सॉकेट लोंबत होते. एकाही वायरीला फेरूल नव्हती. एकाही कनेक्टरला टॅग नव्हता. माळ्यावर टाकण्याआधी हे सगळं मी माझ्या हाताने सोडवलं होतं आणि तेव्हा मनात काय म्हणालो असेन, तेही मला स्पष्ट ऐकू आलं: आठवेल की.

दारात बायको उभी होती. "टॅग बघा ना," ती म्हणाली. आवाजात काहीच नव्हतं. तेच जास्त लागलं.

ते दोन एकसारखे कनेक्टर पी8 आणि पी9. ते शेजारी शेजारी बसतात आणि उलटसुलट जागीही थोडा जोर लावला की बसतात. मी जोर लावला. बसले. बटणाकडे हात गेला, तेवढ्यात भाचा ओरडला, "मामा, काळे आत! काळ्याला काळे चिकटले पाहिजेत!" मी बसवले होते ते काळे बाहेर, दोन टोकांना. तसंच बटण दाबलं असतं, तर पाच व्होल्टच्या जागी भलतंच काही जाऊन मदरबोर्डचा धूर झाला असता आणि तो कुठल्या प्लॉटवरून आला, हे सांगायला मला वाऱ्याची दिशा बघावी लागली नसती. मी कनेक्टर अदलाबदल केले आणि म्हणालो, "तुझं लक्ष आहे का, ते बघत होतो."

चपट्या केबलींचं गणित निराळं. 40 पिनांची रुंद केबल हार्डडिस्कची, 34 पिनांची अरुंद केबल फ्लॉपीची. दोन्हींच्या एका काठाला लाल रेघ. ती रेघ एक नंबरच्या पिनेकडे यायला हवी. फ्लॉपीच्या केबलमध्ये मधेच काही तारांना पीळ दिलेला असतो. पिळाच्या पुढे जोडली ती ए ड्राइव्ह, अलीकडे जोडली ती बी. तो पीळ बघून ही केबल खराब झालीय, असं मी ठरवलं होतं आणि तो सरळ करायला सुरीही घेतली होती. भाच्याने सुरी बायकोकडे दिली. मग फ्लॉपी जोडून मशीन चालू केलं, तर तिचा हिरवा दिवा लागला तो विझेचना. मी खूश. दिवा लागला म्हणजे फ्लॉपी जिवंत. भाच्याने वाचून दाखवलं, की दिवा सतत जळत राहिला, तर केबल उलटी बसलीय. केबल फिरवली. दिवा विझला आणि माझा उत्साहही.

तरी पडद्यावर रॅम मोजली जाऊ लागली. टक्-टक् करत आकडा वर चढला आणि खाली संदेश आला: कीबोर्ड सापडत नाही, पुढे जाण्यासाठी एफ1 दाबा. कीबोर्डचा गोल, जाड प्लग मी मागे लावलाच नव्हता. तो लावून एफ1 दाबल्यावर पुढचा संदेश: हार्डडिस्क सापडत नाही. तिच्यासाठी कुठलं बटण दाबायचं, ते मात्र लिहिलेलं नव्हतं.

आता खरा पेच. एका केबलवर दोन डिस्का जोडता येतात, पण दोघींपैकी थोरली कोण आणि धाकटी कोण, हे आधी ठरवून द्यावं लागतं. थोरलीला मास्टर म्हणतात, धाकटीला स्लेव्ह. ते ठरतं डिस्कच्या मागे दोन पिनांवर बसणाऱ्या तांदळाच्या दाण्याएवढ्या जंपरवरून. दोघी मास्टर असल्या तर एका सातबाऱ्यावरच्या दोन भावांचं जे होतं तेच होतं. पाटाचं पाणी आलं की दोघंही एकदम ओरडतात 'माझी पाळी', आणि पाणी कुणालाच मिळत नाही. दोघी स्लेव्ह असल्या तर दोघीही थोरलीची वाट बघत बसतात. माझ्या डिस्का बहुतेक पहिल्या प्रकारच्या होत्या. बहुतेक म्हणतो, कारण जंपर कुठल्या पिनांवर बसला म्हणजे काय, हे डिस्कवरच्या लेबलवर छापलेलं असतं आणि जुन्या डिस्कवरच्या लेबलावर मी मंडळाचं स्टिकर चिकटवलं होतं. देवीचा फोटो, खाली मंडळाचं नाव. सत्त्याण्णव सालच्या भक्तीपुढे तांत्रिक माहिती कुठे टिकते?

मग अंदाजाने जंपर हलवायला लागलो. चिमट्याने धरला, निसटला. टप्प असा आवाजही झाला नाही. शेजारी बायको परातीत बाजरी निवडत होती.

"थांब!" मी ओरडलो.

"काय झालं?"

"काळं काही पडलं का परातीत?"

"आत्ता एक खडा आला होता काळा. फेकला मी अंगणात."

अंगणात आम्ही दोघं टॉर्च घेऊन खूप वेळ काळे खडे उचलत होतो. कुरकुंभच्या मातीत काळ्या खड्यांना तोटा नाही. शेवटी साउंड कार्डवरचा जंपर काढून वापरला. तेव्हापासून त्या मशीनने आवाज काढलेला नाही आणि त्यात घरच्यांना काही उणं वाटलेलं नाही.

जंपरच्या सगळ्या जागा फिरून झाल्यावर कळलं, की 1.2 जीबीची मोठी डिस्क गेलेलीच आहे. वीज दिली की आतून ठोके यायचे, फिरणं थांबायचं, पुन्हा ठोके. वाईट वाटलं, पण फार नाही. ती घेतली तेव्हाही तिच्यावर माझा पुरता हक्क नव्हताच. जुन्या 486च्या बायोसचे आणि डिस्कच्या पत्त्याचे नियम मिळून 1024 सिलिंडर, 16 हेड आणि 63 सेक्टर यांच्यापुढे जाता येत नाही. सेक्टर 512 बाइटचा. गुणाकार केला की 52 कोटी 84 लाख बाइट, म्हणजे 504 एमबी. बाकीच्या डिस्कचे पैसे मी दिले होते, पण ती दिसावी म्हणून वेगळं सॉफ्टवेअर चढवावं लागलं होतं. ते चढवलं, तेव्हा कुठे सगळी डिस्क दिसली आणि मग ती भरायला माझ्याकडे काही निघालं नाही.

आता उरली एकटी जुनी डिस्क. तिच्यावर विंडोज 3.1 अजून होतं, कारण दुसरी डिस्क आणल्यावर ते पुसायचा मला आळस आला होता. आयुष्यात आळसाने माझं काही वाचवल्याची ही एकमेव नोंद. जंपर पूर्णच काढून टाकला, तशी ती एकटी मास्टर म्हणून उभी राहिली. आणि बायोसने मला विचारलं: हिचे सिलिंडर किती, हेड किती, सेक्टर किती?

जुन्या बायोसमध्ये डिस्कच्या 46 ठरीव प्रकारांची यादी असायची. आपली डिस्क त्यात नसेल, तर टाइप 47 निवडायचा आणि आकडे स्वतः भरायचे. नवी मशीन हे डिस्कलाच विचारून घेतात. माझ्या मशीनला विचारणं माहीत नव्हतं, सांगितलेलं ऐकणं माहीत होतं. आणि आकडे होते स्टिकरच्या खाली.

मी देवीला नमस्कार करून स्टिकर सोलायला घेतलं. स्टिकर निघालं. त्याला चिकटून छापील लेबलही निघालं. डिस्कवर उरला नुसता गोंद. मी स्टिकर उलटं करून दिव्यासमोर धरलं, भाच्याने आरसा धरला, आणि उलटे आकडे सुलटे करून वाचायला लागलो. 683 सिलिंडर. 16 हेड. शेवटचा आकडा मात्र गोंदाने खाल्लेला. 33, 38 किंवा 88.

"88 नसणार," भाचा म्हणाला. "सेक्टर 63च्या वर जात नाहीत. आणि डिस्क 213ची आहे, असं तुम्ही सगळ्यांना सांगता ना? मग गुणाकार करून बघू."

त्याने फोनवर केला. 33 धरले तर 185 एमबी होत होते. 38 धरले तर 683 गुणिले 16 गुणिले 38 गुणिले 512, म्हणजे 21,26,15,168 बाइट. 213 एमबी. वर्षानुवर्षं ज्याला त्याला 213 एमबी ऐकवत फिरलो, त्यातून काही निष्पन्न होईल, असं गल्लीत कुणालाही वाटलं नव्हतं.

आकडे भरले. सेव्ह केलं. मशीन परत सुरू होताना डिस्कमधून घरघर आली, पडद्यावर विंडोज 3.1चं चित्र उमटलं, आणि वीज गेली.

गुरुवार होता. आमच्याकडे गुरुवारी लाइनच्या दुरुस्तीला वीज जाते, हे मी कारखान्यात वर्षानुवर्षं फळ्यावर लिहीत आलो होतो. वीज आल्यावर मशीन सुरू केलं, तर ते सगळं विसरलेलं. टाइप 47 नाही, 683 नाही, काही नाही. बॅटरी मी कापली होती. वर तारीख दाखवत होतं 1 जानेवारी 1980. त्याच्या लेखी मी अजून आठवीत होतो आणि हाताखाली एकही हेल्पर नव्हता.

मग आकडे भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवले आणि वीज आली की भरायचे, असा परिपाठ पडला. कॅलेंडरवर रिकामी जागा होती ती दुधाच्या हिशेबाची. महिनाअखेरीला दूधवाला आला, तेव्हा 683 हा आकडा पाहून त्याच्या चेहऱ्यावर जो आनंद पसरला तो मावळवायला बायकोला बराच वेळ लागला.

विंडोज नीट चालू झालं त्या संध्याकाळी मी तात्यांना निरोप धाडला. तात्या आले. अण्णा आले. बापू आले. त्यांच्या मागे, आता काहीतरी होणार या आशेने, निम्मी गल्ली आली. मी खुर्चीत बसलो. भाच्याला म्हणालो, "तू मागं उभा राहा, शिकायला मिळेल."

फाइल होती. नाव बरोबर, तारीख सत्त्याण्णवची. उघडली. फॉन्ट जागेवर होता, अक्षर न अक्षर मराठी. वर मध्यभागी 'श्री'. त्याभोवती कोयऱ्यांची चौकट, कोयऱ्यांच्या आत ठिपके. खाली ठळक अक्षरात मंडळाचं नाव. त्याखाली तिरप्या अक्षरात 'भांडी व वस्तू यांची तपशीलवार नोंद'. त्याखाली सुबक तक्ता: अनुक्रमांक, वस्तू, देणाऱ्याचे नाव, शेरा.

तक्त्यात एकच ओळ भरलेली होती. अनुक्रमांक एक. वस्तू: संगणक सेवा. देणाऱ्याचे नाव: माझं. शेरा: विनामूल्य.

मी खाली गेलो. आणखी खाली गेलो. चौकट पानापानाला सुंदर होती. मग हळूहळू आठवलं, की त्या नवरात्रात मी रात्री जागून कोयऱ्या एकमेकींना जुळवत होतो. यादीचा कागद बाजूला ठेवला होता, चौकट झाली की भरू म्हणून. चौकट झाली तेव्हा दसरा उलटून गेला होता.

"बॉर्डर चांगली आहे," तात्या म्हणाले. ते मूळचे सभ्य.

अण्णा आणि बापू मात्र एकमेकांकडे वळले. आता निकाल लागणार नाही, हे कळल्यावर दोघांचा जोर दुप्पट झाला. पातेलं इथंच आणा, असं कुणीतरी म्हणालं. चार पोरांनी ते आणून अंगणात ठेवलं. गल्लीतल्या एका आजी इतका वेळ पायरीवर बसून होत्या. कम्प्युटर बघायला त्या आल्याच नव्हत्या. चहा होईल म्हणून आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "आरं, तांब्याच्या भांड्यावर नाव ठोकल्याबिगर दुकानदार देतो का? काठाखाली बघा की."

काठाखाली वर्षानुवर्षांच्या चुलीची काजळी बोटभर जाड बसली होती. बायकोने चिंच कोळून आणली, काथ्या आणला. आजींनी पातेलं आडवं करून घासायला घेतलं. सगळी गल्ली वाकून बघत होती. आधी तांब्याचा लालसर पट्टा निघाला, मग ठिपक्या-ठिपक्यांची अक्षरं. अण्णा पुढे सरकले, बापूही सरकले. आजींना वाचता येत नाही, म्हणून भाच्याने मोठ्यांदा वाचलं.

नाव अण्णांच्या वडिलांचं नव्हतं. बापूंच्या आईचंही नव्हतं. ते होतं शेजारच्या एका गावातल्या भजनी मंडळाचं, आणि खाली साल: 1995.

कुणी काही बोललं नाही. मग एकेकाच्या चेहऱ्यावर एकेक आठवण उगवू लागली. त्या वर्षी भांडी कमी पडली होती. ट्रॅक्टर पाठवला होता. दोन दिवसांत परत देतो, असं कुणीतरी सांगितलं होतं. कुणी, ते मात्र एकालाही आठवेना. अण्णा म्हणाले, "तसं बघितलं तर आमच्या वडिलांनी सतरंजीच दिली होती." बापू म्हणाले, "चांगली सतरंजी होती ती." आजींनी काथ्या खाली ठेवला आणि चहाचं काय झालं, असं विचारलं.

तात्या माझ्याजवळ आले. दाराकडे पाहिलं, आवाज खाली आणला.

"तुमच्या मशीनमध्ये या पातेल्याची काही नोंद नाही ना?"

"एक ओळही नाही, तात्या."

"नक्की? दुसऱ्या कुठल्या डिस्कवर?"

"ती मेली."

तात्यांनी माझा हात हातात घेतला. मंडळासाठी इतकी वर्षं केलेल्या कामाबद्दल त्यांनी पहिल्यांदाच माझे आभार मानले. मला भरून आलं.

"बॅकअप घेऊन ठेवू का, तात्या?"

"अजिबात नको," तात्या म्हणाले आणि पोरांना हाक मारली, "ए, ते पातेलं चुलीवर चढवा रे. आणि चांगला जाळ घाला."